ताई, जिमच्या पायरीवरूनच परत आले

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की व्यायाम सुरू करायला आधी बारीक व्हावं लागत नाही. त्यावर खूप पत्रं आली, बरीचशी वाचताना मला वाईट वाटलं आणि रागही आला. त्यातली चार इथे घेतेय.

प्रश्न : ताई, माझं वय ४१, वजन ९६ किलो. दिवाळीनंतर एका जिममध्ये वर्षाचे पैसे एकदम भरले, तशी ऑफर होती म्हणून. पहिल्याच दिवशी तिथल्या ट्रेनरने सगळ्यांसमोर काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्याने सांगितला आणि म्हणाला काकू, तीन महिने फक्त ट्रेडमिल, वजनं उचलायचं नंतर बघू. आरशात मागची पोरं हसताना दिसायची, की मलाच तसं वाटायचं देव जाणे. नऊ दिवस गेले, दहाव्या दिवशी पायरीवरूनच परत आले. नवरा म्हणतो पैसे बुडवलेस. माझ्यात जिद्दच नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अहो, असं कुणी वागल्यावर नऊ दिवस रोज उठून जाणाऱ्या बाईला जिद्द नाही कोण म्हणेल? चूक त्या ट्रेनरची आहे, आणि नुसती वागण्यातली नाही, कामातलीही आहे. त्याने आधी विचारायला हवं होतं की गुडघे कसे आहेत, बीपी आहे का, झोप होते का, आधी कधी कुठे लागलंय का, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला काय करता यायला हवंय. यातलं काही न विचारता तीन महिने ट्रेडमिल हा काय प्लॅन झाला? गुडघे दुखत असतील तर तासभर पट्ट्यावर चालणं उलट त्रासाचं होतं, आणि ताकदीचा व्यायाम पहिल्या दिवसापासून करता येतो, वजन उतरायची वाट बघावी लागत नाही. ९६ किलो घेऊन तुम्ही रोज जिने चढता, पाणी भरता, म्हणजे पायात ताकद आहेच, तिथूनच सुरुवात करायची.

मी लोकांच्या घरी जाऊन शिकवते, बारा वर्षं झाली, आणि पहिल्या दिवशी टेप आणि काटा दोन्ही नेत नाही. एक बाई होत्या, तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या, त्यांना विचारलं काय हवंय तर म्हणाल्या, पंगतीत खाली बसून हाताचा आधार न घेता उठता आलं पाहिजे, गौरी जेवणाला दरवर्षी मला एकटीला खुर्ची देतात. बास, हेच आमचं ध्येय ठरलं. सोफ्यावर दोन उशा ठेवून बसायचं आणि उठायचं, आठ वेळा, मग एक उशी काढली, मग साधी खुर्ची, मग बुटकं स्टूल, मग पाट, सोबत भिंतीला हात लावून जोर आणि दोन्ही हातात पाण्याच्या अर्ध्या बादल्या घेऊन हॉलमध्ये चालणं. सात महिने लागले. मध्ये दोनदा गुडघा धरला तेव्हा परत उशी घेतली, त्यात काही कमीपणा नाही. गौरीच्या दिवशी त्यांनी फोन केला, रडत होत्या, मीही रडले. त्यांचं वजन किती उतरलं ते मला आजही माहीत नाही.

आता तुमचं. नवा ट्रेनर शोधताना फोनवरच स्पष्ट सांगा, वजन करायचं नाही, डाएटचा विषय मी काढल्याशिवाय काढायचा नाही, जमेल का? तो लगेच म्हणाला की मॅडम आधी पंधरा किलो उतरवू, तर तिथेच थँक्यू म्हणून ठेवून द्या. पोश्चर दुरुस्त करताना हात लावायच्या आधी विचारतो का ते बघा. एखादा प्रकार जमला नाही तर त्याच्याकडे दुसरा सोपा प्रकार तयार हवा, तुमच्या वजनाला नावं ठेवून मोकळा होणारा माणूस ट्रेनर नव्हे. बरेच जण हल्ली स्वतःला बॉडी पॉझिटिव्ह, म्हणजे शरीर आहे तसं छान मानणारे, म्हणवतात आणि भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो लावतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण त्या आधीच्या फोटोतली बाई म्हणजे तिथे नव्याने आलेली प्रत्येक बाईच असते. पैसे सेशनचे किंवा महिन्याचे द्या, वर्षाचे नको. जुनी मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर करून देतात का तेही विचारून घ्या, काही ठिकाणी देतात.

अजून एक, घरगुती ट्रेडमिल घ्यायचा विचार असेल तर किती किलोपर्यंत चालतं ते बघूनच घ्या, बऱ्याच मशीनची मर्यादा १०० ते १२० किलो असते. हे दुकानात विचारताना लाजू नका, मर्यादा मशीनची आहे.

प्रश्न : शरीर आहे तसं छान हे ऐकायला बरं वाटतं, पण मला शुगर आहे, वजन ११८, वय ५२. डॉक्टर म्हणतात कमी करा. तुमचं ऐकून स्वस्थ बसू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : स्वस्थ बसा असं मी कधीच म्हणणार नाही, आणि डॉक्टरांचं ऐकायचंच. माझं म्हणणं एवढंच की व्यायामाचा फायदा काट्यावर दिसेपर्यंत थांबत नाही. स्नायू काम करतात तेव्हा ते रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतात आणि त्याचा परिणाम नंतर काही तास टिकतो, वजन एक ग्रॅम हललं नाही तरी. पण लोक महिनाभर चालतात, काटा हलत नाही, की वैतागून सगळं सोडतात, तिथे खरं नुकसान होतं. म्हणून तुम्ही शुगरची वही ठेवा, बीपी लिहा, स्टेशनचा पूल चढताना किती वेळा थांबलात ते लिहा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितलंय ते असं, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. आधी अशी अट होती की सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत, ती त्यांनी काढून टाकली, म्हणजे जेवणानंतरची सात मिनिटंही धरा. इन्सुलिन किंवा शुगर एकदम उतरवणारी गोळी चालू असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, खिशात ग्लुकोज ठेवा, आणि रोज रात्री तळपाय बघा, कुठे फोड, जखम आहे का.

ते बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचं, कोष्टक रिपोर्टवर बघून घाबरायला होतं ना, त्याचं सूत्र केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३० च्या दशकात काढलं, तो सरासरी माणूस कसा असतो ते शोधत होता, तो डॉक्टर नव्हता. बीएमआय हे नाव १९७२ साली मिळालं. हजारो लोकांचा अंदाज घ्यायला ते चालतं, पण तुमच्या एकट्याच्या तब्येतीचं सगळं त्यातून कळत नाही.

प्रश्न : सूर्यनमस्कार घालताना पोट मध्ये येतं, वाकताच येत नाही. क्लासमधल्या बाई सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन बोलतात. योगा माझ्यासाठी नाहीच का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पाय जुळवून वाकायचा हट्ट सोडा. पाय कमरेपेक्षा थोडे जास्त फाकवा, पोटाला जागा मिळते, आणि हात जमिनीऐवजी भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. अख्खा नमस्कार खुर्ची धरून घालता येतो. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोरी, पट्टा, ठोकळे, खुर्ची वापरून आजारी, म्हाताऱ्या, ताठ अंगाच्या माणसांना आसनं शिकवली, त्यांची संस्था १९७५ पासून आहे, जगभरातून लोक तिथे शिकायला येतात. तेव्हा खुर्ची घेणं म्हणजे चीटिंग असं कुणी म्हणालं तर सरळ दुर्लक्ष करा. आणि त्या बाईंना क्लास संपल्यावर बाजूला घेऊन सांगा की नाव घेऊन बोलू नका, नाही ऐकलं तर क्लास बदला. मांड्या घासत असतील तर आतून सायकलिंग शॉर्ट घाला किंवा व्हॅसलिन लावा, वरून सैल कुर्ता चालतो, फॅन्सी जिमवेअर कुणी मागत नाही.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांचा, उंची ५ फूट ७, वजन ५० किलो. जिममध्ये गेलो तर सगळे म्हणतात तुझ्यापेक्षा डंबेल जड आहे. तुम्ही फक्त जाड लोकांबद्दल लिहिता. (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : तुझी तक्रार रास्त आहे, माझ्याकडून राहिलंच हे. अंगावरून बोलणं हे अंगावरून बोलणंच, जाड असो नाहीतर बारीक. आधी एकदा रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड, सगळं ठीक असेल तर काळजीचं कारण नाही. कुणी पावडरचा डबा घ्यायला सांगेल, आत्ता नको घेऊस, त्या पैशात मेसच्या जेवणाबरोबरच दूध, शेंगदाणे, केळी, अंडी खात असशील तर अंडी, असं रोज खा. जिममध्ये परत जायचं का ते तू ठरव, घाई नाही. तोपर्यंत होस्टेलच्या गच्चीवर एक दिवसाआड कठड्याला हात लावून जोर, बैठका, आणि सॅकमध्ये पुस्तकं भरून ती दोन्ही हातांनी छातीकडे ओढायची. प्रत्येकी आठ, तीन वेळा. कठडा कमरेइतका आणि पक्का आहे ना ते आधी बघ. दोनेक दिवस अंग दुखेल, ते चालतं, सांधा दुखला तर थांब. सॅकमध्ये किती पुस्तकांनी सुरुवात केलीस ते लिहून ठेव आणि दोन महिन्यांनी मला कळव.