दंडावरचा सेन्सर आणि पहाटेचा अलार्म

प्रश्न : मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मधुमेह जुना असून आता इन्सुलिन सुरू आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने डाव्या दंडावर ग्लुकोज सेन्सर लावला आहे. पहाटे मोबाइलवर 60 च्या खालचा आकडा येऊन अलार्म वाजतो, सारे घर जागे होते. बोट टोचून ग्लुकोमीटरवर पाहावे, तर साखर 105 भरते. सेन्सर सदोष आहे, असे समजावे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तसे लगेच समजू नये. सेन्सरचा बारीक तंतू रक्तात नव्हे, तर त्वचेखाली पेशींभोवतीच्या द्रवात असतो, आणि रक्तातील साखरेचा बदल तिथे दिसायला साधारण पाच ते पंधरा मिनिटे लागतात. त्यामुळे साखर वेगाने चढत-उतरत असताना दोन्ही आकड्यांत फरक पडणारच. पहाटेच्या फरकामागे मात्र बहुधा आपली झोपण्याची कूस असावी. दंड अंगाखाली दबला की तेथील द्रवाचे वहन मंदावते आणि आकडा खोटाच खाली येतो. आलेख एकदम कोसळून, काहीही न खाता, कूस बदलल्यावर पूर्ववत होत असेल, तर हेच कारण धरावे आणि पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर लावावा.

अलार्म मात्र बंद करू नये, कारण इन्सुलिन घेणाऱ्याची साखर झोपेत खरोखरही उतरू शकते. काही उपकरणांत 55 च्या खालचा इशारा बंदच करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. घाम, थरथर, धडधड जाणवत असेल, किंवा लक्षणे आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर बोटाची तपासणी प्रमाण मानावी. ग्लुकोमीटर लगेच हाताशी नसेल, तर वाट न पाहता साखर घ्यावी.

याच ठिकाणी अनेकांची फसगत होते. साखर 70 च्या खाली गेल्यावर पंधरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घेतली जाते. दहा मिनिटांनी सेन्सर अजून उतरताच आकडा दाखवतो, म्हणून घाबरून आणखी साखर, वर पेढा, आणि तासाभरात आकडा 250 वर पोहोचतो. पंधरा मिनिटे थांबून बोटाची तपासणी करावी आणि मगच पुढचे ठरवावे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी सुटते, त्यामुळे त्वचा पूर्ण कोरडी करूनच सेन्सर लावावा आणि नव्या सेन्सरचे खोके गाडीच्या डिकीत ठेवू नये. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांमुळे काही सेन्सर वाढीव आकडा दाखवतात, हेही ध्यानात असावे.

डॉक्टरांकडे जाताना सुटे आकडे नव्हे, तर चौदा दिवसांचा अहवाल न्यावा. बहुतेक प्रौढांसाठी दिवसाचा 70 टक्क्यांहून अधिक वेळ 70 ते 180 या पट्ट्यात असावा, असे उद्दिष्ट असते. वृद्धांसाठी ते सैल ठेवतात. पहाटेच्या त्या उतारांपुढे ‘डाव्या कुशीवर’ अशी नोंद जरूर करावी, नाहीतर तेवढ्यावरून आपले रात्रीचे इन्सुलिन विनाकारण कमी केले जाण्याची शक्यता आहे.