व्यापाऱ्यामार्फत माल नीट खपत असताना बागायतदाराने ऑनलाइन विक्रीचा व्याप का वाढवावा?

वाढवावा, आणि व्यापारी माल नीट उचलतो आहे तोवरच वाढवावा. तुमचा हा प्रश्न माझ्या थोरल्या काकांनी आमच्या घरात वर्षानुवर्षे लावून धरला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

रत्नागिरीजवळ आमची हापूसची कलमे आहेत. फवारणीसाठी वाशीच्या दलालाकडून उचल घ्यायची, हंगामात पेट्या त्यालाच पाठवायच्या आणि दलाली, हमाली, गाडीभाडे वजा होऊन येईल ती पट्टी, म्हणजे दलालाचा हिशेब, मान्य करायची, अशी रीत होती. भाव आपल्या हाती नसे. पण आमचा आंबा कोणाच्या घरी गेला आणि त्यांना कसा लागला हे कधीच कळत नसे, याचे मला अधिक वाईट वाटे. त्यामुळे काकांचा विरोध असतानाही मी मुंबई-पुण्याची काही घरे व्हॉट्सॲपवर जोडून ठेवली होती.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा पहिला आंबा चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार होता आणि वाशीचा बाजार कधी चालू, कधी बंद. त्या वेळी याच घरांनी आपापल्या सोसायटीची एकत्र मागणी नोंदवली, पैसे यूपीआयने आगाऊ आले आणि टेम्पो थेट सोसायटीच्या फाटकाशी उतरला.

त्याच हंगामात ठाण्याच्या एका ताईंनी कापलेल्या फळाचा फोटो पाठवला. साल निर्दोष होती, पण आत कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा साका होता. साका बाहेरून ओळखता येत नाही, हे त्यांना समजावून मी बदली फळे पाठवली. पेटीवर बागेचा तुकडा लिहिण्याची आमची पद्धत असल्यामुळे तो आंबा खालच्या कातळाकडचा असल्याचे लगेच कळले. तापलेल्या जमिनीची धग फळाला लागली की साका वाढतो. म्हणून पुढच्या वर्षी तिथल्या कलमांखाली गवताचे आच्छादन केले आणि काढणी अलीकडे आणली. बाजाराच्या पट्टीवर ही तक्रार आमच्यापर्यंत केवळ पडलेला भाव म्हणून आली असती.

२०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परराज्यातला आंबा आजही हापूस म्हणून विकला जातो. खात्रीसाठी गिऱ्हाइकाला थेट बागायतदाराला विचारता आले पाहिजे.

अर्थात बारीक फळ आणि कॅनिंगचा माल आम्ही अजूनही व्यापाऱ्यालाच देतो, आणि उचल अंगावर असेल तर आधी ती फेडावी. पिकलेले फळ मात्र कुरिअरने पाठवू नका. कच्चे पाठवून अढीत कसे पिकवायचे ते लिहून द्या.

आंबा हुंगूनच घ्यायचा असतो, असे काका म्हणत. वाशीहून पेटी जाते त्या पुण्याच्या दुकानातही गिऱ्हाईक एखादेच फळ हुंगते आणि बाकीची पेटी दुकानदाराच्या शब्दावर घेते. तो शब्द बागेच्या मालकाने स्वतःच्या नावाने द्यावा, एवढेच माझे काकांशी भांडण होते.