ड्रोनच्या शूटिंगमध्ये लष्करी तळ आला, आता काय?

तुम्ही लिहिता, की लग्नाआधीच्या शूटिंगसाठी टेकडीवरून ड्रोन उडवला, मागे दारूगोळा भांडाराच्या शेड आणि टेहळणीचे मनोरे आले, रील अपलोड झालं, आणि आता पोलीस ठाण्यातून ड्रोन घेऊन येण्याचा निरोप आलाय. सगळं डिलीट करू का, हा तुमचा प्रश्न.

अजिबात करू नका. रील लगेच प्रायव्हेट करा, पण मूळ फाइल, मेमरी कार्ड आणि फ्लाइट लॉग, म्हणजे ड्रोनने ठेवलेली उड्डाणाची नोंद, यांना हात लावू नका. डिलीट केलंत तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप लागू शकतो. शिवाय तुमचा बचावही त्यातच आहे.

तो कसा ते सांगतो. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ च्या कलम ३ मध्ये प्रतिबंधित ठिकाणाच्या आसपास जाणं किंवा त्याचं रेखाटन करणं हा गुन्हा आहे, आणि या कायद्यात रेखाटनात छायाचित्रही मोडतं. संरक्षण आस्थापनेचा संबंध असेल तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत. कृत्य देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधक हेतूने केलेलं असावं लागतं, हे खरं. पण परिस्थिती आणि वागणूक पाहून न्यायालय तसा हेतू गृहीत धरू शकतं. नुसतं ‘माझा हेतू तसा नव्हता’ म्हणून भागत नाही. जोडप्याची ऑर्डर, ॲडव्हान्सचा मेसेज, कॅमेरा सतत त्या दोघांवरच असल्याचं दाखवणारं न कापलेलं फुटेज, हे तुमच्या बाजूने बोलेल.

ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे म्हणून तुम्ही निर्धास्त होतात. ड्रोन नियम, २०२१ मध्ये एवढ्या लहान ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, इतकंच. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तोही उडवता येत नाही. टेकडी कोणत्या झोनमध्ये येते ते डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर बघा. ग्रीन झोन निघाला तरी ती उडवण्याची मोकळीक झाली, भांडाराच्या चित्रीकरणाची नव्हे. हा फरक बहुतेक फोटोग्राफरना कोणी सांगतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

क्लिप मला पाठवू का, असंही विचारलंत. मलाही नको. कलम ५ प्रमाणे अशी माहिती अनधिकृत व्यक्तीला देणं हाच गुन्हा आहे, आणि ती हक्क नसताना जवळ ठेवणंही. म्हणून ती पोलिसांकडे द्या, पण पंचनामा करून. ड्रोन आणि कार्ड यांचे अनुक्रमांक लिहून घ्यायला लावा, फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल नंतर बदलली तर लगेच कळेल असा तिचा सांकेतिक क्रमांक) नोंदवायची विनंती करा, पंचनाम्याची प्रत मागा.

ठाण्यात जाण्याआधी फौजदारी वकील गाठा. निरोपावर न जाता लेखी नोटीस मागा. अटकेची शक्यता दिसली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. जबाबात खोटं काही सांगू नका. स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नावर गप्प राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २०(३) ने दिलाय.

आणि जोडप्याला आजच फोन करा. त्यांच्याकडची कॉपी त्यांनी कुणालाही फॉरवर्ड करू नये, आणि ती त्यांच्याकडे आहे हे तुम्ही पोलिसांना आपणहून सांगा.