मनगट मोडलंय, ऑपरेशन करायचं का?

प्रश्न : आई ७० वर्षांची. मोरीत घसरून मनगट मोडलं. एक डॉक्टर प्लेट टाका म्हणतात, दुसरे प्लास्टर पुरे म्हणतात. (अशोक चौक)

दोघांचंही बरोबर असू शकतं. पासष्टीनंतर हाड जरा वाकडं जुळलं, तरी वर्षभरानंतर हाताची कामं दोन्ही उपायांनी साधारण सारखीच होतात. प्लेटमुळे सुरुवातीचे महिने हात लवकर चालतो. पण भूल, जंतुसंसर्ग, प्लेटवर घासून बोटं हलवणारी स्नायूची दोरी (टेंडन) तुटणं हे धोकेही तिच्याच सोबत येतात. म्हणून मी आधी विचारतो, आई एकट्या राहतात का? भाकरी स्वतः थापतात का? घरी हाताखाली सून-लेक असेल, तर मी प्लास्टरच सुचवेन. मनगट थोडं बाकदार दिसेल, हे आईंना आधीच सांगा. आणि हाडांची घनता नक्की तपासा. आज मनगट मोडलंय, ठिसूळपणावर उपचार झाले नाहीत तर पुढं खुबा मोडू शकतो.

प्रश्न : वय ३२, यंत्रमागावर काम. प्लास्टरमध्ये दहाव्या दिवशी हाड सरकलं. आता? (विडी घरकुल)

तुमच्या बाबतीत माझा कल ऑपरेशनकडे आहे. हाड ३ मिलिमीटरहून जास्त आखूड झालं, मागे १० अंशांपेक्षा जास्त झुकलं किंवा सांध्यात २ मिलिमीटरहून मोठी पायरी पडली, तर तरुण हाताला ते पुढं जड जातं. धोट्यातली कांडी बदलायची, तुटलेला धागा जोडायचा, यात मनगट दिवसभर वळत असतं. उशीर मात्र नको. दोन-तीन आठवड्यांत हाड वाकडंच धरू लागतं, मग बसवणं अवघड.

प्लेटच हवी असंही नाही. हाड बाहेरून ओढून नीट बसत असेल तर कातडीतून हाडात घातलेल्या बारीक तारा चालतात. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत (२०१४) वर्षअखेर तारा आणि प्लेट यांच्यात फरक दिसला नाही, आणि तारा स्वस्त पडतात. फक्त वर सहाएक आठवडे प्लास्टर राहतं. तेवढे दिवस मजुरी बुडणं परवडेल का, हे डॉक्टरांशी मोकळेपणी बोला.

प्रश्न : गाडीवरून हातावर पडलो. एक्स-रे नॉर्मल, पण अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. (अक्कलकोट रोड)

तिथल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडल्याचा संशय धरायचा. पहिल्या एक्स-रेत ते लपू शकतं. तोवर प्लास्टर ठेवून १०-१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे, नाहीतर लगेच एमआरआय. याचा रक्तपुरवठा तोकडा असल्यानं हाड सरकलं असेल तर स्क्रूच लागतो.

प्रश्न : हाडवैद्यानं पट्टी बांधलीय, बोटं सुजलीत.

बोटं बधिर किंवा निळी पडली असतील, किंवा ती सरळ करताना असह्य कळ येत असेल, तर पट्टी आत्ताच सोडा आणि थेट सिव्हिलच्या अपघात विभागात जा. सकाळची वाट बघू नका.