‘आधी चूक, मग भरपाई’ या अर्जाला लेखी हरकत घ्या

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. अशी पत्रं वरचेवर येतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो. २०२१ मध्ये टेम्पोनं त्यांच्या मोटरसायकलला धडक दिली. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला, आत सळई घातली. गवंडीकाम करणारा हा माणूस आता परांचीवर चढू शकत नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा चालू असताना विमा कंपनीनं अर्ज दिलाय: टेम्पोचालकाची चूक होती का आणि त्याचा परवाना वैध होता का, एवढंच आधी ठरवा, इजा आणि भरपाईचा पुरावा नंतर. न्यूयॉर्कचा पुतण्या म्हणतो, ‘इकडे असंच चालतं, काका.’ मग संमती द्यावी का?

देऊ नका. पुतण्याचं खरं आहे. न्यूयॉर्कच्या नियमांत शारीरिक इजेच्या दाव्यात जबाबदारी आणि भरपाई वेगवेगळी चालवायला न्यायाधीशांना उत्तेजनच दिलंय. पण तिथे ज्युरी बसते, आणि पहिला टप्पा जिंकला की पुष्कळदा तडजोडीवर भागतं. आपल्याकडे पुढची तारीख पडते. दरम्यान न्यायाधीश बदलतात, साक्षीदार गाव सोडतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम १६९ न्यायाधिकरणाला संक्षिप्त पद्धतीनं चौकशी करायची मुभा देतं. तिचा आधार घेऊनच ‘आमचा मुद्दा आधी घ्या’ असे अर्ज येतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ‘बिमलेश विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स’ या निकालात ती वाट बंद केली: विमा कंपनीची हरकत वेगळी काढून आधी निकाली काढायची नाही, सगळे मुद्दे एकत्रच ठरवायचे. तुमच्या म्हणण्यात, म्हणजे अर्जाला द्यायच्या लेखी उत्तरात, हा निकाल आलाच पाहिजे.

आणि म्हणणं अजून दिलेलंच नाही! दोन तारखा ‘वकीलसाहेब आले नाहीत’ म्हणून गेल्या, असं तुम्ही लिहिता. तुम्ही तर हजर होतात ना? त्याच दिवशी लेखी मुदत मागायची होती. आता अर्ज म्हणण्याविना चालला आणि मंजूर झाला, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागेल, आणि तिथे किती वर्षं जातील हे मी सांगू शकत नाही.

मला खरी काळजी तुमच्या डॉक्टरांची वाटते. तुम्ही पाठवलेल्या अपंगत्वाच्या दाखल्यावर ‘३५ टक्के’ आहे, पण सहीखाली नाव नाही आणि शिक्का अर्धाच उमटलाय. डॉक्टर पिंजऱ्यात येऊन सांगत नाहीत तोवर या कागदावर फार भिस्त ठेवू नका. २०१० च्याच ‘राज कुमार विरुद्ध अजय कुमार’ निकालात म्हटलंय की अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान एकच नव्हे. डावा हात गेलेल्या सुताराची जवळजवळ सगळी कमाई बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. पाय ३५ टक्के अधू झाला तर गवंड्याची किती कमाई बुडाली हे न्यायाधिकरण ठरवतं, पण पाय कायमचा किती आणि कसा अधू झाला, हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नीट सांगू शकतात, आणि ते पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत असं तुम्हीच लिहिलंय. भरपाईचा पुरावा मागे ढकलला की नेमकी हीच साक्ष हातची जाईल. म्हणून म्हणण्यासोबत त्याच दिवशी डॉक्टरांना साक्षी समन्स काढण्याचा अर्ज द्या. त्यांना कोर्टात येणं जमत नसेल तर कमिशनवर, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या माणसाकरवी कोर्टाबाहेर, साक्ष नोंदवायची विनंती करा. त्याच निकालात तशी सूचना आहे.

परवान्याबद्दल कागद पाहिल्याशिवाय ठाम बोलत नाही. परवाना नसला तरी कंपनीनं आधी पैसे भरावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश होतात. तुमच्या प्रकरणात होईलच असं नाही.

एक्स-रे पत्र्याच्या पेटीत तळाशी आहेत म्हणता. ते आजच काढा, फिल्म एकमेकींना चिकटल्या नाहीत ना ते उजेडात धरून बघा, आणि तारखेला सगळ्या सोबत न्या.