राउंड किक मारताना पोरं पडतात? आधी जमिनीवरचा पाय बघ

भावा, तुझा प्रश्न वाचला. कळंब्याकडं नवीन तायक्वांदो क्लास काढलायस, ८ ते १२ वयाची पोरं आहेत, राउंड किक मारताना निम्मी घसरून पडतायत आणि पालक विचारायला लागलेत की बेल्ट कधी, स्पर्धा कधी. मी पण कोल्हापुरातच बरीच वर्षं पोरं शिकवतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मारणारा पाय बघायचं काही दिवस सोडून दे. खालचा पाय बघ. दोल्यो चागीत, म्हणजे आपल्या राउंड किकमधे, खालच्या पायाची टाच टार्गेटकडं वळली पाहिजे, ती वळली की कंबर उघडते आणि वरचा पाय आपोआप आडवा येतो. आपल्याकडं अडचण अशी की पोरगं चालायला लागलं की बॉल लाथाडतंय, पेठेतल्या पोरांचं तर विचारूच नको. फुटबॉलमधे टेकलेला पाय बॉलच्या शेजारी पुढं तोंड करून रोवायचा आणि दुसरा पाय मांडीपासून झोकून द्यायचा, ती सवय घेऊनच ते क्लासला येतं. जोर लई असतो, पॅडवर आवाज पण मोठा येतो आणि पालक खूश होतात, पण पंजा पुढंच राहतो, कंबर अडकते, मग सगळा पीळ गुडघ्यावर येतो नाहीतर तोल जाऊन पोरगं पडतं.

खडूनं जमिनीवर एक आडवी रेघ मार, पोराला भिंतीला हात लावून उभं कर आणि चार मोजण्या दे. एकला गुडघा घडी करून वर, दोनला टाच फिरवून रेघेच्या पलीकडं, तीनला पाय उघडायचा, चारला परत घडी. खरी परीक्षा चौथ्या मोजणीत आहे, बहुतेक पोरं तिथं पाय नुसता खाली टाकतात. घडी हवेत क्षणभर थांबली पाहिजे आणि मगच पाय खाली. नीट बघितलंस तर चौथ्या मोजणीला खालच्या पायाची बोटं जमीन पकडायला धडपडताना दिसतील, ते चांगलं लक्षण आहे, घोटा काम करायला लागलाय. पॅड सुरुवातीला कंबरेच्या वर नेऊच नको. आणि पझल मॅट असेल तर अनवाणी तळवा चिकटतो, म्हणून फिरताना टाच किंचित उचलायला शिकव, सगळा भार पंजावर. गुळगुळीत फरशी असेल तर आधी धूळ पुसून घे, मोजे घालून तर कधीच नको.

पालकांना हे स्पर्धेच्या नियमातूनच सांग, लगेच पटतं. अंगावरच्या किकला २ गुण, डोक्यावरच्या किकला ३, गिरकी घेऊन मारली तर अंगावर ४ आणि डोक्यावर ५. हे आकडे ऐकून सगळ्यांना डोक्यावरचीच किक पाहिजे असते. पण पडलं की गामजम, म्हणजे दंड, बसतो आणि समोरच्याला फुकट १ गुण. तोल नसलेलं पोर स्पर्धेत नेलं तर मार कमी आणि गुण वाटपच जास्त.

वॉर्मअपला स्प्लिटमधे बसवून खांद्यावर दाब देतात ते कृपा करून बंद कर. आधी जरा पळवायचं, पाय झुलवायचे, मग किक, आणि ताणून धरायचं ते सगळं शेवटी, तेही पोराच्या स्वतःच्या ताकदीनं. ११-१२ ची पोरं भरभर उंच होतात तेव्हा गुडघ्याच्या वाटीच्या खाली दुखतंय म्हणतात, त्याला नाटक समजू नको. उड्या आणि पळणं कमी कर, वाटीखाली गाठ दिसली किंवा दुखणं राहिलंच तर हाडांच्या डॉक्टरकडं पाठव.

वजनाचं पण आत्ताच सांगून ठेवतो, कारण आपलं गाव तालमींचं, वजन तोडणं घराघरात माहीत आहे. गटात बसावं म्हणून रात्रीचं जेवण बंद, रेनकोट घालून पळवणं असले प्रकार मी डोळ्यांनी बघितलेत आणि मला अजून राग येतो. वाढीचं वय आहे ते, पोर ज्या वजनाचं आहे त्याच गटात खेळव, वरच्या गटात गेलं तर जाऊ दे. तसंच सरावात डोक्याला लागून चक्कर आली, उलटी झाली तर त्या दिवशी परत मॅटवर नाही, थेट डॉक्टर. पोर कितीही रडू दे.

बेल्टचं म्हणशील तर यलोच्या परीक्षेला फक्त पूमसे (ठरलेल्या हालचालींचा क्रम) पाठ आहे का एवढंच बघू नको, पहिला तेगुक म्हणजे सुरुवातीचा पूमसे पोरं आठवड्यात घोकतात. दोन्ही पायांनी भिंतीशिवाय चार मोजण्या जमल्या तर बसव, नाहीतर पुढच्या वेळी. पालकांना हे प्रवेश घेतानाच सांगायचं, परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगितलं की भांडणं होतात. दोन-चार जण क्लास सोडतील, सोडू देत.

मॅट किती जाड आहेत आणि एका बॅचला किती पोरं आहेत ते कळव, त्यावरून जोड्या कशा लावायच्या ते लिहितो.