इंजेक्शन नको, गोळीवर भागेल का?

प्रश्न: माझं वय 47, यजमानांचं 53. त्यांना 12 वर्षं डायबेटीस आहे. दोन वर्षांपासून संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही. एका लग्नाहून आल्यावर त्यांनी मित्राने दिलेली गोळी घेतली, उपयोग झाला नाही. मग डॉक्टरांनी इंद्रियात घ्यायचं इंजेक्शन शिकवलं. त्याचा गुण येतो, पण सुईच्या धास्तीने ते आता जवळच येत नाहीत, हॉलमध्ये झोपतात. गोळीवर भागणार नाही का? बाईमाणसाने हे विचारावं का, तेही कळत नाही.

उत्तर: ताई, जरूर विचारावं. संसार दोघांचा आहे आणि ही अडचणही दोघांची आहे. तुम्ही लिहिलंत याचा मला फार आनंद झाला.

मला वाटतं, तुमच्याकडे गोळीची खरी परीक्षा झालेलीच नाही. सिल्डेनाफिल, म्हणजे 1998 साली व्हायग्रा या नावाने आलेलं औषध, साधारण तासभर आधी आणि शक्यतो रिकाम्या पोटी घ्यायचं असतं. लग्नाचं तुपकट जेवण झाल्यावर ते उशिरा आणि कमी लागू पडतं. शिवाय गोळी घेऊन नुसतं वाट पाहत बसलं तर काहीच होत नाही. इच्छा, स्पर्श, जवळीक असेल तर नसांमधून संदेश जातो आणि रक्तवाहिन्या सैल होतात. तो परिणाम टिकवून धरणं एवढंच गोळीचं काम. डायबेटीसमध्ये याच नसा दुबळ्या होतात, म्हणून पुष्कळांना जास्त डोस लागतो, आणि काहींना गोळी पुरतच नाही. इंजेक्शन थेट तिथल्या रक्तवाहिन्यांवर काम करतं, म्हणून त्याचा गुण आला. पण एका रात्रीवरून गोळी बाद करू नका. योग्य डोस ठरवून सहा-आठ वेळा नीट घेतल्यावरच काय ते ठरवावं.

टाडालाफिल ही दुसरी गोळी. तिचा परिणाम 36 तासांपर्यंत राहतो आणि जेवणाने फारसा फरक पडत नाही. 5 मिलिग्रॅमची रोज घ्यायचीही पद्धत आहे. घड्याळाकडे बघत जवळ येण्याचं दडपण त्यात राहत नाही, म्हणून तुमच्या यजमानांसाठी डॉक्टरांना हिच्याबद्दल आवर्जून विचारा. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, ॲसिडिटी, कधी पाठदुखी असे त्रास होतात; बहुतेकांना ते सोसवतात.

आता मात्र नीट ऐका. त्यांना हृदयासाठी सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेट जातीचं दुसरं कुठलंही औषध चालू असेल, तर या गोळ्या अजिबात नाहीत. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. हृदयासाठीचंच निकोरँडिल नावाचं औषध असेल तरीही नाही. प्रोस्टेटची किंवा बीपीची औषधं असतील तर तीही डॉक्टरांना दाखवा. मित्राच्या खिशातली गोळी म्हणूनच धोक्याची. आणि ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलही नकोत. अशा मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. गोळी आणि इंजेक्शन एकाच रात्री स्वतःच्या मनाने घेऊ नका. ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर लाज न बाळगता तडक दवाखाना गाठा.

डायबेटीस असताना ताठरता जाणं ही कधी कधी हृदयविकाराची आधीची सूचना असते. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्या आधी तुंबतात. तेव्हा हृदयाची तपासणी, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि सकाळी रक्त काढून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) एवढं करून घ्या. सिगरेट-तंबाखू असेल तर सोडायला लावा.

युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रमार्गाच्या आणि पुरुषांच्या अशा तक्रारींच्या डॉक्टरांकडे, दोघं मिळून जा, चालू औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून. त्याआधी त्यांना हॉलमधून आत बोलवा. काही व्हायलाच हवं असं नाही, नुसतं शेजारी झोपा, असं स्पष्ट सांगा. नीट घेऊनही गोळी लागू पडली नाही, तर व्हॅक्यूम पंप, म्हणजे इंद्रियावर नळी बसवून हवा ओढून ताठरता आणणारं साधन, आहे. आणि त्यांची हरकत नसेल, तर बारीक सुईने इंजेक्शन द्यायला डॉक्टर तुम्हालाही शिकवू शकतात.